हौदात टॉर्च मारणारा माणूस काय शोधत असतो?

प्रश्न असा आहे. बार्शीकडच्या एका गावचे तरुण ग्रामपंचायत सदस्य लिहितात, की तीन हजार वस्तीच्या त्यांच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. श्रावणापासून घरोघर ताप आहे. खासगी लॅबने चौघांना डेंग्यू सांगितला, आरोग्य केंद्राच्या कागदावर मात्र एकच रुग्ण. ग्रामपंचायतीने गटारी उपसल्या, पावडर मारली, दोनदा धूर केला, तरी ताप हटेना. आरोग्यसेवक येतो तो गटारीकडे बघतही नाही, घरात शिरून हौदात टॉर्च मारतो आणि पाणी ओतून द्या म्हणतो. बायका आता त्याला दारातूनच परत पाठवतात. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडू, असंही या सदस्यांनी सरपंचांना सुचवलंय. आकडे लपवले जातायत का, आणि हा माणूस नक्की करतोय काय?

मी हिवताप म्हणजे मलेरिया विभागात कीटक समाहारक, म्हणजे डास-अळ्या गोळा करणारा कर्मचारी, म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी निवृत्त झालो. म्हणजे हौदात टॉर्च मारणारा तो माणूस बरीच वर्षं मीच होतो आणि दारातून परतही बऱ्याचदा गेलोय. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी आकड्यांचं बघू, कारण तुमच्या प्रश्नाचा सूर तिथेच चढलाय. खासगी लॅबने बहुधा कार्डावरची चाचणी केली असणार: रक्ताचे दोन-चार थेंब आणि वीस मिनिटांत रेघ. सरकारी हिशेबात त्या रेघेचा माणूस ‘संशयित’ धरतात. पक्का रुग्ण म्हणजे ज्याच्या रक्तजलाची तपासणी एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने झाली तो. ती सोय जिल्ह्यातल्या ठरलेल्या सेंटिनल, म्हणजे रोगावर पाळत ठेवायला नेमलेल्या, रुग्णालयांतच असते, आणि त्यातल्या आयजीएम या प्रतिपिंडांच्या चाचणीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून येतात. तुमच्या चौघांपैकी तिघांचं रक्त तिथवर पोचलंच नसेल, तर कागदावर एकच दिसणार. शिवाय वेळेचा घोळ असतो. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस १ हे विषाणूचं प्रथिन सापडतं, आयजीएम प्रतिपिंडं साधारण पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी रक्त घेऊन आयजीएम तपासलं तर डेंग्यू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि घरचे म्हणतात, डेंग्यू नव्हता. लपवालपवी कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. एवढी वर्षं खात्यात काढून तसं म्हटलं तर माझ्या घरचेच हसतील. पण चार आणि एक यांतला फरक बहुतेक वेळा असाच पडतो.

करायचं काय, तर खासगी डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना ग्रामपंचायतीच्या पत्राने सांगा, की कार्डावर रेघ आली की नाव-पत्ता आरोग्य केंद्राला कळवा आणि नमुन्यातला थोडा भाग राखून ठेवा. आरोग्यसेवकाने फोन करून मागितलं तर लॅबवाला टाळतो. सरपंचाची सही असली की देतो. माझा अनुभव तरी असाच आहे.

पण खरं सांगायचं तर एक की चार, या भांडणाला फारसा अर्थ नाही. डेंग्यूचा विषाणू अंगात शिरलेल्या चार जणांपैकी साधारण तिघांना काही जाणवत नाही, किंवा अंग मोडून येऊन दोन दिवसांत संपतं. अशी माणसं डॉक्टरकडे जात नाहीत, लॅबमध्ये तर नाहीच नाही. डासांना मात्र तीही विषाणू देऊ शकतात. तेव्हा चार नावं हातात आली की गावात विषाणू बऱ्यापैकी फिरतोय असं धरून चालायचं.

आता दिवसांचा हिशेब मांडू. आज एखाद्याला दूषित डास चावला. ताप यायला चार ते दहा दिवस. ताप आल्यावर दोन दिवस घरची गोळी, तिसऱ्या दिवशी डॉक्टर, मग नमुना तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. एलायझाची प्लेट एका नमुन्यासाठी लावत नाहीत, थोडे जमले की लावतात. अहवाल गावात येईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. दरम्यान तापाने पडलेल्या त्या माणसाला दुसरे डास चावलेले असतात, आणि त्यांच्या पोटात विषाणू वाढून लाळेत उतरायला आठ ते बारा दिवस पुरतात. कागद हातात पडतो तेव्हा पुढची फळी तयार असते. नुसत्या रुग्णांच्या आकड्यांवर पाळत ठेवणं म्हणजे निघून गेलेल्या एसटीची वेळ फलाटावर उभं राहून वाचणं. ते करावंच लागतं, नाहीतर कुठल्या वाडीत काय चाललंय ते कळत नाही. पण पुढे काय येणार ते हौदात दिसतं. म्हणून तो टॉर्च.

तुमच्या गटारीतही डास आहेत, नाही असं नाही. पण तो क्युलेक्स. रात्री चावतो, कानाशी गुणगुणतो, हत्तीरोग पसरवतो. विदर्भात हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रात्री साडेआठनंतर घरोघर रक्त घेत फिरावं लागतं, कारण ते जंतू रक्तात रात्रीच वर येतात. डेंग्यूचा डास वेगळा: एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, गुणगुण जवळजवळ नाहीच. चावतो दिवसा, सकाळी ऊन वर यायच्या आत आणि दिवस मावळायच्या आधी. त्याला घाण पाणी नको असतं. तुम्ही पिण्यासाठी भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी त्याला आवडतं. फार लांब उडतही नाही, शंभर-दोनशे मीटरच्या आत त्याचं आयुष्य संपतं. तुमच्या घरात डेंग्यू झाला तर तो डास तुमच्याच किंवा शेजारच्या चार-पाच घरांतल्या भांड्यातून उठलेला, असं धरायला हरकत नाही. हे सांगितलं की लोकांना राग येतो. गटार सगळ्यांची असते, हौद आपला असतो.

इथे नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचं नाव कुणीतरी काढतंच. त्या गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघड्या गटारी संपवल्या, आणि तो नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर गेला. चांगलं काम आहे, तुम्हीही करा. क्युलेक्स कमी होईल, रात्रीची झोप लागेल. हौदातल्या एडिसला मात्र शोषखड्ड्याने काही होत नाही.

आता एडिसची खोड. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओलसर भिंतीला एक-एक करून चिकटवते. पाणी खाली गेलं, भिंत वाळली तरी ती अंडी महिनोन्महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढून भिजली की अळ्या बाहेर. म्हणजे उन्हाळाभर कोरडा पडलेला रांजण पहिल्या पावसात भरला, की बाहेरून एकही डास न येता त्यात अळ्या दिसू शकतात. शिवाय ती सगळी अंडी एकाच भांड्यात घालत नाही. थोडी हौदात, थोडी बॅरलमध्ये, थोडी शेजारणीच्या कुंडीखालच्या ताटलीत. तुमचा हौद रिकामा केलात आणि शेजारचा राहिला, तर काम अर्धंच झालं.

ओळखायचं कसं तेही सांगतो, कारण हे शिकायला पंधरा मिनिटं लागतात आणि मग आरोग्यसेवकाची वाट बघावी लागत नाही. दिवसासुद्धा टॉर्च घ्या, हौदातलं पाणी न हलवता बघा. सावली पडली की अळ्या वळवळत तळाला पळतात, मिनिटभर थांबलात की श्वास घ्यायला वर येतात. पृष्ठभागाला डोकं खाली करून लोंबकळणारी अळी एडिसची किंवा क्युलेक्सची. आडवी, पाण्याला समांतर पडलेली असेल तर ॲनोफिलीसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची. स्वल्पविरामासारखे वाकलेले, टुणटुण उडणारे दिसले तर ते कोष. कोषातून साधारण दोन दिवसांत डास उडतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते: कोष काही खात नाही, त्यामुळे अळ्या मारायला आपण जे ॲबेट टाकतो ते त्याला लागू पडत नाही. कोष दिसत असलेल्या हौदात औषध टाकून निघून जाणं म्हणजे वहीत खूण करणं, बाकी काही नाही.

आता त्या वहीत काय असतं ते सांगतो. समजा शंभर घरं बघितली. चौदा घरांत अळ्या सापडल्या, म्हणजे हाऊस इंडेक्स चौदा. त्या शंभर घरांत पाण्याची भांडी चारशे ऐंशी, त्यांतली एकवीस दूषित, म्हणजे अळ्या असलेली, म्हणून कंटेनर इंडेक्स शेकडा साडेचारच्या आत. आणि शंभर घरांमागे दूषित भांडी एकवीस, हा ब्रेटो इंडेक्स. सर्वसाधारणपणे ब्रेटो पाचच्या खाली असला की हायसं वाटतं आणि विसाच्या वर गेला की धावपळ सुरू होते. मला स्वतःला या रेषांवर फार विश्वास नाही. हे निर्देशांक मुळात पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) मोहिमांसाठी काढलेले आहेत, आणि डेंग्यू पाचच्या खालीही पसरलेला मी बघितलाय. एका हौदात पाच अळ्या आणि एका हौदात पाचशे, दोन्हींची वहीत एकच खूण होते. पण तीच पाहणी, त्याच घरांची, दर आठवड्याला केली तर आकडा चढतोय की उतरतोय ते कळतं, आणि त्यासाठी ती सोन्यासारखी आहे.

त्याहून मोलाची एक गोष्ट बहुतेक अहवालांत लिहीतच नाहीत: त्या एकवीस भांड्यांत कोणती भांडी किती? एकदा मराठवाड्यातल्या एका गावात असंच सर्वेक्षण केलं. आम्ही टायर आणि करवंट्यांच्या मागे लागलो होतो, कारण पोस्टरवर टायर आणि करवंट्या छापलेल्या असतात. निघालं असं, की दूषित भांड्यांपैकी बहुतेक सगळे न्हाणीतले सिमेंटचे हौद होते. नळाचं पाणी त्यात साठवायचं, वरून वापरायचं, तळ कधी उपसायचा नाही. टायर गावात पंचवीस-तीस असतील, तेही उन्हात कोरडे. आम्ही महिनाभर चुकीच्या वस्तूमागे धावलो होतो. तेव्हा तुमच्या गावचं मुख्य भांडं कोणतं हे शोधा. ते दर गावाला वेगळं असतं. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत कुंड्यांच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे, लिफ्टचा खड्डा, नागपुराकडे कूलर, तुमच्याकडे माझा अंदाज हौद आणि प्लास्टिकची बॅरलं.

यावरून खऱ्या कारणाकडे येतो. डेंग्यू पावसाचा रोग म्हणून शिकवतात. पाऊस लागतोच, राज्यात रुग्ण जुलै ते नोव्हेंबर जास्त असतात. पण दुष्काळी पट्ट्यात या रोगाला नळाची पाळी पोसते. नळ रोज आला तर घरात दोन हंडे पुरतात. आठ दिवसांनी आला की हौद, बॅरल, रांजण, घागरी, सगळं भरून ठेवावं लागतं, आणि आठ दिवस म्हणजे अंड्यापासून डास व्हायला लागतो साधारण तेवढाच वेळ. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं तेव्हाचं लातूर आठवा. अशा ठिकाणी माणूस पाण्याचा थेंब टाकत नाही, आणि एडिसला तेच हवं असतं. त्यामुळे ‘लोक अडाणी आहेत, साठवतात’ असं बैठकीत कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. साठवणार नाहीत तर काय करतील? योजनेचं पाणी दोन दिवसांआड आणता आलं तर तुमच्या ग्रामपंचायतीने डेंग्यूविरुद्ध जितकं केलं तितकं मी सगळ्या नोकरीत केलं नाही, असं समजा.

आणि म्हणूनच त्या आरोग्यसेवकाचं ‘पाणी ओतून द्या’ हे चुकतं. तो वरून आलेलं वाक्य म्हणतोय. आठ दिवसांचं पाणी कुठली बाई ओतेल? पाणी ओतायचं नाही, गाळायचं. सुती धोतर किंवा जुनं लुगडं दुहेरी करून हौदातलं पाणी दुसऱ्या भांड्यांत गाळून घ्या. अळ्या, कोष सगळे फडक्यावर राहतात. फडकं उन्हात कोरड्या जमिनीवर झटका, गटारीत नको. मग हौदाच्या भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासा. ही घासणी महत्त्वाची, कारण अंडी भिंतीला आहेत. नुसता हौद रिकामा करून परत भरलात तर आठवड्याने जैसे थे. तळाचं घासलेलं गढूळ पाणी तेवढं झाडाला घाला.

आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायचा ‘कोरडा दिवस’ कोणता, यावर ग्रामसभेत वाद घालू नका. नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद आपोआप तळाला गेलेला असतो. तोच दिवस. नळ सोडणाऱ्या माणसाला सांगा, उद्या कोणत्या गल्लीची पाळी ते त्याने आदल्या संध्याकाळी देवळाच्या लाऊडस्पीकरवरून पुकारायचं आणि पुढे एक वाक्य जोडायचं, हौद घासून घ्या. हे मी दोन गावांत करून बघितलं. एका गावात जमलं. दुसऱ्यात नळवाल्याचं आणि सरपंचाचं पटत नव्हतं.

घासल्यावर हौदाला कापडाचं झाकण घाला. सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग करून फडकं ताणून बसवलं की डास शिरत नाही, आणि पत्र्याच्या झाकणासारखं ते चोरीलाही जात नाही. जिथे झाकण बसतच नाही तिथे ॲबेट. ते लिटरमागे एक मिलिग्रॅम या प्रमाणात पिण्याच्या पाण्यातही चालतं, पण प्रमाण आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातचंच असू द्या. पाण्याला वास आला की बायका ते पाणी ओततात आणि औषधही जातं.

धुराबद्दल थोडक्यात. गाडी आली, गल्लीत पांढरा धूर झाला, पोरं मागे पळाली, फोटो निघाला, पेपरात आला. एडिस तेव्हा घरात असतो: खाटेखाली, कपाटामागे, खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या घडीत. दारं-खिडक्या लावून घेतात लोक, कारण धुराचा वास. गल्लीत उडत असलेले काही मरतात, हौदातल्या अळ्यांना काही होत नाही, आठवड्यात नवे तयार. धूर पूर्ण निरुपयोगी आहे असं नाही. रुग्ण सापडला की त्याच्या घरात आणि आजूबाजूच्या पन्नासेक घरांत, दारं उघडी ठेवून, सकाळी किंवा संध्याकाळी, आतून केलेल्या फवारणीला अर्थ आहे, कारण दूषित डास तिथेच असतो. पण त्याच दिवशी त्या घरांतले हौद घासले गेले पाहिजेत. तुम्ही दोनदा गल्लीतून धूर काढलात, तो खर्च झाला तो झाला.

तुमचा भाग मला आणखी एका कारणाने आठवतो. चिकुनगुन्या, म्हणजे याच डासाने पसरणारा सांधे धरणारा ताप, आपल्या देशात पहिल्यांदा नोंदला गेला कोलकात्यात, १९६३ मध्ये. १९७३ साली बार्शीला त्याची मोठी साथ आली, तिघांमागे एकाला तरी तो झाला असावा असं तेव्हाच्या पाहणीत दिसलं. तुमच्या आजोबांना विचारा, ‘सांधे धरले होते’ असं सांगणारा कुणीतरी भेटेल. त्यानंतर चिकुनगुन्या जवळजवळ बत्तीस वर्षं गप्प. आम्हाला तर तो संपलाच असं वाटत होतं. २००५ च्या अखेरीस तो परत आला आणि २००६ मध्ये मालेगावपासून मराठवाड्यापर्यंत माणसं भिंतीला धरून चालायला लागली. मधल्या सगळ्या वर्षांत एडिस हौदात होताच, फक्त विषाणू नव्हता. अळ्यांची पाहणी बंद पडली होती, कारण रुग्ण नव्हते.

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले म्हणून रक्तनमुने घेतले. त्यांत चिकुनगुन्या निघाला, आणि एका महिलेच्या नमुन्यात झिका, एडिसनेच पसरणारा आणखी एक विषाणू. महाराष्ट्रातला तो पहिला. साधा ताप समजून कुणी नमुनेच घेतले नसते तर तो कळलाच नसता. तीन रोग, डास एकच. २०२४ मध्ये पुणे शहरात झिका परत दिसला तेव्हा गरोदर बायकांच्या तपासण्यांची धावपळ तुम्ही बातम्यांत बघितली असेल. पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका असतो. म्हणून तुमच्या गावात ताप असताना गरोदर बाईला ताप किंवा अंगावर पुरळ आलं, तर तिला वाट बघायला लावू नका.

मलेरियाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण आरोग्यसेवक बोटाला सुई टोचून रक्तपट्टी घेतो ती त्यासाठी, म्हणून सांगतो. तिथे धोक्याची कारणं निराळी आहेत. मी सहा वर्षं गडचिरोलीत होतो, धानोरा आणि एटापल्लीकडे. तिथला डास नाल्यात, ओढ्याच्या कडेला, धानाच्या बांधीत वाढतो. माणूस पिकाच्या राखणीला रात्र-रात्र रानात, बांबू-तेंदूसाठी जंगलात. घरात मच्छरदाणी दिली तरी माणूस घरात नाही. भिंतींवर औषध फवारायचो, आणि सणाआधी बाई ती भिंत शेणामातीने छान सारवायची. औषध मातीखाली. तिची काही चूक नाही, आम्ही वेळ विचारली नव्हती. पावसाळ्यात रक्तपट्टी आरोग्य केंद्रात पोचून अहवाल परत यायला आठ-दहा दिवस लागायचे. फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकाराला मेंदूवर जायला तेवढे लागत नाहीत. आशाताईंच्या पिशवीत झटपट चाचणीचा संच आणि गोळ्या आल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत मृत्यू कमी झाले. माझ्या मते त्या भागातलं सगळ्यात मोठं काम हेच.

राज्यात मलेरियाचा दुसरा मोठा वाटेकरी मुंबई, आणि तिथला डास ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा पक्का शहरी. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या मलेरियाचा अहवाल लिहिला आणि बोट ठेवलं ते विहिरींवर. घराघरातल्या विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असं निघाल्यावर लोक धर्माच्या नावाने भांडले. आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी आणि बांधकामावरच्या पाण्याने घेतली आहे. पणजीत १९८० च्या दशकात बांधकामं वाढली आणि मलेरियाही, तेव्हा गोव्याने बांधकाम मजुरांना आरोग्यपत्र सक्तीचं केलं. हाच स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि आता तिथली शहरं हैराण आहेत.

मलेरियात आकड्यांवर डोळा ठेवताना एक चकवा असतो. हजार लोकांमागे वर्षाला किती रुग्ण यावरून गाव ‘चांगलं’ ठरतं. रक्तपट्ट्या कमी घेतल्या की रुग्ण कमी सापडतात आणि गाव आपोआप चांगलं होतं. म्हणून वर्षभरात शंभर लोकांमागे किती पट्ट्या घेतल्या तो आकडा आधी मागा. तो दहाच्या आसपास नसेल तर पुढचा आकडा वाचू नका. तुमच्या गावात तापाचे इतके रुग्ण आहेत, तर प्रत्येकाची रक्तपट्टी व्हायला हवी, डेंग्यूचा संशय असला तरी. आणि व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार निघाला तर प्रायमाक्वीनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण. तिसऱ्या दिवशी ताप जातो, उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात आणि यकृतात लपलेला जंतू दोन महिन्यांनी परत उठतो. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती गोळी देत नाहीत. तेव्हा शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आणू नका.

आजारी माणसाबद्दल एवढंच. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षांत एक गोष्ट वारंवार बघितली: डेंग्यूत ताप उतरतो तो दिवस घरचे निर्धास्त होतात, आणि धोका नेमका तेव्हा असतो. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरताना पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं किंवा माणूस गुंगीत जाणं, यांतलं काही दिसलं तर रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा. पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर जास्त सावध. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची लागण कधीकधी पहिलीपेक्षा वाईट जाते. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी. ॲस्पिरिन, ब्रुफेन नको. पपईच्या पानांच्या रसावर सगळी भिस्त ठेवू नका. प्लेटलेट ताप उतरल्यावर बहुतेकांच्या आपापल्या वाढतात, आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या पेल्याला जातं.

शेवटी गप्पी माशांचं. तुम्ही सरपंचांना म्हणालात की मासे सोडू, ते चांगलं आहे. गावच्या जुन्या हौदात, गुरांच्या पाण्याच्या टाकीत, बंद विहिरीत, पाणी साठून राहणाऱ्या खड्ड्यात सोडा. ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात नको, तिथले मूळचे छोटे मासे ते संपवतात. न्हाणीतल्या हौदातही फार उपयोग नाही, बादलीबरोबर मासा मोरीत जातो. बी हवं असेल तर तालुक्याच्या हिवताप पर्यवेक्षकाला विचारा, बहुतेक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पीचं एखादं टाकं असतं. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर हवा ठेवून सकाळी लवकर आणा आणि नव्या हौदात सोडायच्या आधी पिशवी तशीच अर्धा तास पाण्यात तरंगत ठेवा.